वन्संचं विमान

माझ्या नणंदेला एका विमानाला मारायचं होतं. मारायचं म्हणजे खरंखुरं, घण घालून. आयुष्यात तिनं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात सोलापूरजवळच्या कुंभारीहून तिचा फोन आला, तेव्हा आवाज ऐकून मला वाटलं, घरात लग्न निघालं.

"वैनी, ते तोडाय लागलेत. कालेजवाल्यांनी भंगारात दिलं. पहिला घाव माजा हाय, सांगून ठिवा."

"कुणाला सांगू, वन्सं? मी काय तिथली प्राचार्य आहे?"

"तुमी विंग्रजी बोलता की."

ते विमान म्हणजे हंटर. इंग्लंडात बनलेलं जुनं लढाऊ विमान, एका माणसानं बसून चालवायचं, नाकाखाली तोफा. शहराबाहेरच्या एका खासगी कॉलेजच्या फाटकाशी, सिमेंटच्या चौथऱ्यावर ते कित्येक वर्षं नाक वर करून उभं होतं. पोरं त्याच्यापुढे फोटो काढायची आणि वन्सं त्याला दगड मारायच्या. दर गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेला, त्या शहरात यायच्या. आम्ही सगळे होम मैदानावर पाळण्यांकडे, आणि त्या रिक्षा करून विमानाकडे. वॉचमनच्या ओळखीच्या झाल्या होत्या. "काचंवर नको, आजी," एवढंच म्हणून तो तोंड फिरवायचा.

कारण त्या विमानानं त्यांचा नवरा मारला होता. निदान आम्ही सगळे तसं समजत होतो.

मी त्यांची वहिनी. वयानं आम्ही दोघी सारख्या, भांडणातही. मी भवानी पेठेतल्या कापडाच्या व्यापाऱ्याची मुलगी, घरात निम्मी कानडी, निम्मी मराठी. हवाई दलातलं स्थळ आलं तेव्हा अख्ख्या गल्लीत मी सांगत सुटले, की आमचे हे विमान चालवतात. हे विमान चालवत नव्हते. हे विमान खोलायचे, पुसायचे आणि पुन्हा जोडायचे. पण त्या बयेला, म्हणजे तेव्हाच्या मला, कोण समजावणार? लग्नाच्या खरेदीत तिनं काळा गॉगल घेतला. डोक्यावर पदर आणि डोळ्यांवर गॉगल अशी ती आगगाडीत बसली, तेव्हा शेजारच्या बाईनं मायेनं विचारलं, "डोळे आलेत का गं तुला?"

हवाई तळ बंगालच्या बाजूला होता, लाल मातीचा. पहिल्याच सकाळी दोन हंटर क्वार्टरवरून गेली. फळीवरच्या कपबश्या खाली आल्या आणि बया गॉगलसकट खाटेखाली. बाहेर निघाल्यावर तिनं यांच्या पाठीत लाटणं घातलं. का, तर आधी सांगितलं नाही म्हणून. हंटर म्हणजे आमच्याकडे चाबूक. तिला वाटलं होतं, वस्तूही तेवढीच असेल.

हळूहळू सवय झाली. ती विमानं मारण्यासाठीच बनवलेली होती, आणि समोर शत्रू नसला की आपल्याच माणसांवर हात साफ करून घेत. एक उतरता उतरता भातशेतात घुसलं. धूर आला, वास आला, आणि दोरीवरच्या साड्या काढता काढता बया कुरकुरली, कुणाच्या तरी घरी आमटी लागली वाटतं. काय लागलं होतं ते संध्याकाळी कळलं. त्या साड्या तिनं पुन्हा पुन्हा धुतल्या आणि शेवटी बोहारणीला देऊन टाकल्या.

यांनी आपल्याच तुकडीतल्या मित्राला बहीण दिली आणि वन्सं शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. त्यांचा नवरा विमानांच्या खुर्च्या बघायचा. लढाऊ विमानाची खुर्ची बसायची वस्तू नव्हे. तिच्या पाठीमागे दारू ठासलेली नळी असते. वैमानिकानं मूठ ओढली की ती त्याला उचलून आकाशात फेकते. विमान जमिनीवर असताना तिला लाल फितीच्या पिना लावून गप्प ठेवायचं, अशी रीत. वन्संचा नवरा लाजाळू होता. त्याच्या हातांना कायम साबणाचा वास यायचा, कारण आपलं काम संपलं की तो दुसऱ्याच्या वाटणीचं विमान धुवायला जायचा, शेपटापासून सुरुवात करून. वन्सं मला म्हणायच्या, "घरात ताट उचलत न्हाय, आन् तितं शेपटं धुतंय बघा."

त्या दिवशी आम्ही दोघी नळावर कपडे धोपटत होतो. आवाजांचं आम्हाला काही वाटेनासं झालं होतं, पण हा वेगळा होता. लहान, कोरडा, आणि त्याच्या पाठोपाठ पत्रा फाटल्याचा. मग कुणीतरी ओरडत राहिलं. वन्सं हातातलं धोपाटणं तसंच घेऊन धावल्या. हँगरच्या दारात एका जवानानं अडवलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर धोपाटणं घातलं, तो हलेना तेव्हा तोंडावर घातलं. दात पडल्यासारखा आवाज झाला. तो तोंड धरून बाजूला झाला आणि त्या आत गेल्या, मागून मी.

विमानाचं शेपूट दाराकडे होतं. शेपटावर मोठा काळा आकडा. त्यापलीकडे वर छताला भोक पडलेलं, आणि छताच्या लोखंडी कैचीत ती खुर्ची अडकलेली. खुर्चीत वन्संचा नवरा होता. छतानं त्याचं काय केलं होतं ते मी लिहीत नाही. फरशीवर वरून जे पडत होतं त्याचा आवाज मला अजून ओळखता येतो. वन्संनी एकदाच वर पाहिलं. मग त्या शेपटावरच्या आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या, चार जणांनी उचलून बाहेर नेईपर्यंत.

पिना जागेवर का नव्हत्या, ते कधीच कळलं नाही.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. बसवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्या लाल मातीत आडवंच पुरलं, तेही जंगमाशिवाय. तिथं क्रियाकर्माला जंगम कुठला मिळणार. काही दिवसांनी त्याच विमानाला नवी खुर्ची बसवली आणि ते उडवलं. वन्सं कुंपणाशी उभ्या होत्या. तो आकडा त्यांच्यासमोरून पळत गेला आणि वर चढला. घरी येऊन त्यांनी यांना, सख्ख्या भावाला, बुटानं मारलं. "मानूस मोडला तर पुरला. ते मोडत न्हाय व्हय? त्याला का पुरत न्हाय?" कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं, तरी हे मार खात उभे राहिले. बया मध्ये पडली आणि एक फटका तिच्या गॉगलवर बसला. ती ढसाढसा रडली. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, वहिनी काय मायाळू आहे. ती गॉगलसाठी रडत होती.

पुढं आम्ही सोलापूरला परतलो, वन्सं पोराला घेऊन कुंभारीत शेतावर राहिल्या. मग एके दिवशी एसटीच्या खिडकीतून त्यांना कॉलेजच्या दारात तो आकडा दिसला. वन्संना अक्षरओळख बेताचीच, पण तो आकडा त्यांना झोपेतही लिहिता आला असता. त्यांनी गाडी थांबवली, उतरल्या आणि पायातली चप्पल काढली. तो पहिला मार.

तेव्हा हे होते. तेही जाऊन विमान बघून आले. जेवताना म्हणाले, "शेपूट त्याचंच आहे." मी म्हटलं, "भाकरी वाढू का अजून?" पन्नाशी उलटली होती, तरी बया सुधारली नव्हती. जन्मभर विमानं खोललेला माणूस विमान न म्हणता शेपूट का म्हणतो, हे विचारायचं सोडून तिचं लक्ष भाकरीत.

हे गेल्यावर जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटमध्ये मी आणि माझा फोन, एवढेच राहिलो, आणि मला नाद लागला. जगात अशी म्हातारी माणसं आहेत, जास्त करून इंग्लंडात, जी एकेका जुन्या विमानाची कुंडली काढत बसतात. कुठं जन्मलं, कुणी उडवलं, कुठं आपटलं, कुणाला घेऊन बुडालं, शेवटी कुठल्या भट्टीत गेलं. त्यांच्या गटात मी शिरले. ते मला 'सर' म्हणतात आणि मी त्यांची समजूत मोडलेली नाही. दिवसभर काय बघता, असं शेजारणी विचारतात. मी सांगते, स्थळं.

या नादात पहिला धडा मिळाला, की हंटरच्या शेपटावर विश्वास ठेवायचा नाही. इंजिन बदलायचं तर त्या विमानाचा मागचा भाग अख्खा सोडवून ओढून काढावा लागतो. काम निघालेलं असतं, घाई असते, मग जे शेपूट तयार असेल ते बसवून मोकळे होतात. आकडा शेपटाबरोबर जातो. विमानाची खरी ओळख मात्र पुढच्या भागात, चाकाच्या कप्प्यात ठोकलेल्या छोट्या पट्टीवर. हे वाचलं आणि हँगरसमोरची ती रांग माझ्या डोळ्यापुढे आली. डबा घेऊन जायची तेव्हा बया रोज बघायची, कंबरेत तोडलेली विमानं ओळीनं उभी आणि त्यांची शेपटं गाड्यांवर वेगळी. तिला वाटायचं, धुवायला काढलीत.

म्हणून वन्संचा फोन ठेवला आणि मी घाबरले. इतक्या वर्षांचा राग, एकच घाव, आणि तो भलत्यालाच बसला तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत उलथनं टाकून मी कॉलेजवर गेले. वॉचमनकडून शिडी घेतली.

"आजी, पडशिला."

"पडले तर तुझ्या अंगावर पडेन. नीट धर."

पुढच्या चाकाच्या कप्प्यात डोकं घातलं. गांधीलमाश्यांचं पोळं होतं. दोन माश्या कानाला चावल्या, एक ओठाला. उलथन्यानं रंगाचे थर खरवडत गेले तशी पट्टी वर आली. आकडे वन्संच्या विमानाचे नव्हते. फोटो काढून इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्याला पाठवला आणि ओठावर बर्फ धरून बसले. माझा चहा होईपर्यंत उत्तर आलं होतं. त्या लोकांना झोप नसते.

वन्संच्या विमानाचा पुढचा भाग केव्हाच तोडून वितळवला होता. चौथऱ्यावर उभ्या असलेल्याची कथा निराळी. ते आधी ब्रिटिशांकडेच नोकरीला होतं. जर्मनीत बीटच्या शेतात पोटावर उतरलं आणि नांगराच्या दोन घोड्यांना चिरडत गेलं. कारखान्यात नेऊन बरं केलं आणि आपल्याला विकलं. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडे त्यानं एका मालगाडीच्या इंजिनावर तोफा चालवल्या. बॉयलर फुटला, इंजिन रुळांवरून उडून बाजूच्या तळ्यात पडलं. विमान पंखाला भोकं घेऊन परत आलं. वैमानिकाचं नाव, वेळ, जागा, गोळ्या किती, सगळं म्हाताऱ्यानं कळवलं. इंजिनाच्या ड्रायव्हरबद्दल एवढंच, की तो वाचला नसावा.

तोडायच्या दिवशी वन्सं माझ्या आधी हजर. पायात नातवाचे बूट, पदर खोचलेला. भंगारवाल्याची माणसं कुऱ्हाडी, घण आणि ग्राइंडर मांडत होती. विमान चौथऱ्यावरून उतरवून जमिनीवर ठेवलं होतं. जमिनीवर आल्यावर ते एवढंसं दिसत होतं.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "थोबाडाला काय झालं?"

"विमानानं मारलं. वन्सं, घण उचलायच्या आधी माझं ऐका." मी सगळं सांगितलं. गोड करून सांगणं मला कधी जमलं नाही.

त्यांनी विमान नाकापासून शेपटापर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे ह्यानं न्हाय मारलं."

"नाही. शेपूट तेवढं त्या विमानाचं."

"आन् त्याचं म्होरलं?"

"वितळवलं. पातेली झाली असतील त्याची."

"मंग त्यातच भात शिजवत आसंल मी." त्यांनी हसत पदर घट्ट खोचला. त्या शेपटापाशी गेल्या. इतक्या वर्षांचे दगड तिथंच बसले होते, आकड्याच्या आजूबाजूला. रंग उडालेला, पत्रा पोचे पडलेला, एके ठिकाणी फाटून आत वळलेला. त्यांनी फाटलेल्या जागी बोट घातलं. "हे धुत हुता त्यो," त्या म्हणाल्या. "आन् मी हितंच मारत बसले."

भंगारवाल्याचा मुकादम घाईला आला होता. "अम्मा, बाजू होव ना. टाइम हो रा."

वन्सं त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "वैनी, ह्या म्होरल्यानं कुनाकुनाला मारलं म्हनला?"

"दोन घोडी. आणि तो इंजिनाचा ड्रायव्हर."

"त्याला बायकू आसंल."

"असेल. पण वन्सं, गाडी पलीकडच्यांची होती. लढाई होती."

"बाई कुटली बी आसंना. तिनं कुनाला दगड मारला?"

"तिला काय माहीत कुठलं विमान?"

"तेच की." त्यांनी मुकादमाच्या माणसाच्या हातातून घण ओढून घेतला. "मंग तिच्या वतीनं मारते."

"नक्को अम्मा, घन उचकेगा," मुकादम म्हणाला, तोपर्यंत पहिला घाव पडला होता. नाकावर. पत्रा दबला नाही. घण उसळून त्यांच्याच नडगीवर आला, कातडं सोललं, रक्त बुटात उतरलं. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. "हाळागलि," त्या म्हणाल्या. आमच्या कानडीत त्याचा अर्थ वाटोळं होवो. दुसरा घाव तोफेच्या तोंडावर, तिसरा वरच्या काचेवर. काच तडकली, पुढच्या घावाला फुटली आणि आत खुर्चीवर कोसळली. ती खुर्ची रिकामी होती, तिच्यातली दारू कधीच काढलेली, तरी काच कोसळताना मी मागं सरले. वन्सं सरल्या नाहीत. दर घावाला त्यांच्या तोंडून एक आवाज निघत होता, बाळंतपणात निघतो तसला. माणसं हातातली कामं टाकून बघत राहिली. वॉचमननं टोपी काढली आणि मग का काढली ते न कळून पुन्हा घातली.

हात उचलेनात तेव्हा त्यांनी घण माझ्यापुढे केला. "तुमी बी मारा."

"माझं काय त्यानं केलंय?"

"थोबाड सुजवलंय की."

मी मारला. एकच. माझी कवळी तोंडात फिरली आणि खांद्यातून अशी कळ गेली, की आजही केस विंचरताना आठवण होते. पत्र्यावर ओरखडासुद्धा उठला नाही. माणसं हसली, मग आम्हीही हसलो, आणि मुकादमानं घण काढून घेतला.

त्यानंतर त्या माणसांनी आपल्या पद्धतीनं ते मारलं. ग्राइंडर पंखाच्या मुळाशी लावला तेव्हा निघालेली किंकाळी शेजारच्या वर्गातल्या पोरांना खिडकीशी घेऊन आली. पंख पडले, नाक सुटलं, कुऱ्हाडींनी पोट फाडून तारा आतड्यांसारख्या बाहेर ओढल्या. शेपटाची पाळी आली तेव्हा मला वाटलं, वन्सं त्यांना थांबवतील. त्यांनी थांबवलं नाही. फक्त पुढं होऊन पदरानं आकड्यावरची धूळ पुसली, बाजूला झाल्या आणि पहिली कुऱ्हाड बसेपर्यंत बघत राहिल्या.

ट्रक निघून गेल्यावर आम्ही चौथऱ्याच्या कडेवर बसलो. मी रुमाल त्यांच्या नडगीला बांधला. त्यावर लगेच रक्त आलं.

"वैनी," त्या म्हणाल्या, "त्या डायवरचं गाव कुटलं?"

"माहीत नाही."

"नाव?"

"तेही कुणी लिहून ठेवलेलं नाही."

"इमान कुटं जन्मलं ते म्हाईत. कुनाची घोडी मारली ते म्हाईत. सात पिढ्या काडता तुमी इमानाच्या. येका मानसाचं गाव काडता येत न्हाय व्हय?"

मी तिथंच बसून इंग्लंडातल्या म्हाताऱ्याला लिहिलं. उत्तर आलं: सर, हे आजवर कुणी विचारलं नाही, कुठून सुरुवात करायची ते मला सांगता येणार नाही. मी ते वन्संना मराठीत वाचून दाखवलं.

"त्याला न्हाय येत तर ऱ्हाऊ द्या," त्या बूट काढून त्यातलं रक्त झटकत म्हणाल्या. "तळं कुटलं ते तरी म्हाईत हाय न्हवं? तितनं चालू करा."